वहिनीला न सोसलेली सायकल

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी सातवीत जाणार होते, आणि आमच्या गावची शाळा सातवीलाच संपत होती. पुढे शिकायचं तर पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याजवळच्या हायस्कुलात जावं लागे. ते दोन कोस लांब. गावातली मुलं सायकलीवरून जात. मुलींचं शिक्षण सातवीच्या निकालाबरोबर आटोपायचं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, तसे कडक नव्हते. पोरीला पायी धाडणार नाही, वाहन असेल तर माझी ना नाही, एवढंच ते म्हणत. घरात वाहन म्हणजे बैलगाडी, आणि ती शेतातून मोकळी कधीच नसे. त्यामुळे आबांचा होकार नकारासारखाच होता.

आमचं घर शहाद्याकडून तापीकडे जाणाऱ्या रस्त्याला, काळ्या जमिनीत. आबा, माय, माझा मोठा भाऊ आणि मी. भाऊ कारखान्यात वजनकाट्यावर होता. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा, आणि माय त्या भोंग्यावर चूल पेटवायची. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं काही अडत नसे. पहाटे उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं, मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज, मग आबांचं खाकरणं, असा आमचा दिवस उजाडायचा. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची दाळ, वर कच्चं तेल आणि ठेचा. पाहुणा असला तर शेवेची भाजी. आजही तळोद्याच्या माझ्या घरात गॅसवर भाकरी करते, पण ती तशी फुगत नाही. दादर तीच, हात तोच, तरी नाही.

वहिनी तळोद्याची. प्रमिला तिचं नाव. डी.एड. झालेली, उंच, सावळी, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. आमच्या घरात सरळ बघून बोलायची सवय फक्त भावाला होती, म्हणून मला ती पहिल्याच दिवशी आवडली. ती मला 'मंगलाताई' म्हणायची. नणंद म्हणून म्हणायची, पण तेरा वर्षांच्या मुलीला कुणी ताई म्हटलं की ती दोन बोटं उंच होते. लग्नानंतर तिला आमच्याकडच्या एका गावात, तापीच्या अंगाला, प्राथमिक शाळेवर नेमणूक मिळाली. नोकरी अजून पक्की व्हायची होती. पावसाळ्यात तो गाळाचा रस्ता बंदच असे, म्हणून चार महिने ती तिथल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे राहिली आणि शनिवारी घरी येत राहिली. दिवाळी झाली, रस्ता वाळला, तशी माय म्हणाली की आता सून रोज घरी दिसली पाहिजे.

मग वहिनीची सायकल आली. तिच्या वडिलांनी तिला डी.एड.ला असताना घेऊन दिलेली, हिरव्या रंगाची, बायकांची सायकल. भावाने ती तळोद्याहून ओळखीच्या ट्रकमधून आणली. वाटेत चामडं फाटू नये म्हणून सीट काढून पिशवीत घातली होती. ती त्याने अंगणात बसून पुन्हा बसवली. मला तो प्रसंग नीट आठवतो, कारण पाना धरायला मीच होते. भाऊ सहा फुटांच्या जवळपास. त्याने सीट आपल्या मापाने वर चढवली, नट आवळले, आणि स्वतः एक चक्कर मारून आला. सीटचं टोक जरा वर आलं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी त्याचं काय, असंच म्हटलं गेलं असतं. वहिनीने नवऱ्याने मनापासून केलेल्या कामाकडे बघितलं आणि ती हसली.

रविवारी दुपारी ती मला आमच्या खळ्यात सायकल शिकवायची. मागे कॅरिअर धरून पळायची. साडीचा ओचा खोचलेला, कपाळावर घाम, आणि 'पुढे बघा, चाकाकडे नको' हे एकच वाक्य. तीन रविवारी मी शिकले. सीट माझ्यासाठी फारच उंच होती, म्हणून मी त्यावर बसतच नसे, पायडलवर उभी राहूनच चालवायची. शिकल्याच्या दिवशी मी तिला विचारलं की तिची शाळा सुटीची असेल तेव्हा मी पुरुषोत्तमनगरपर्यंत जाऊन येऊ का. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती म्हणाली की सातवीची परीक्षा होऊ दे, आठवीचं मी आबांशी बोलते, काहीतरी मार्ग निघेल. हे ती सहज बोलली नव्हती. ती जे म्हणायची ते करायची. पण मी तेरा वर्षांची होते, आणि घरात सायकल एकच आहे, ती सूनबाईची आहे, एवढंच मला दिसत होतं.

त्रास कधी सुरू झाला हे तिने कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते मिरच्यांच्या दिवसांत. अंगणात लाल मिरच्या पसरलेल्या, आणि आम्ही दोघी देठं खुडत बसलेलो. बोटांची आग होत होती. वहिनी एका मांडीवर बसायची, थोड्या वेळाने दुसऱ्या, मग उठून उभी राहायची. मी विचारल्यावर तिने आधी मायकडे बघितलं. माय आत होती. मग ती खाली बघत, हळू आवाजात म्हणाली, "सायकलवर अर्धा कोस गयं का खाले मुंग्या येतस. मंग जीवच नही असं वाटस. उतरनू का पाय धरी उभी ऱ्हास." घरात आल्यापासून ती आमची अहिराणी बोलायची, आणि एरवी त्यात तिचं शिक्षण झळकायचं. त्या दिवशी ती अगदी साध्या, घाबरलेल्या बाईसारखी बोलली. शाळेच्या अलीकडे बाभळीचं एक झाड होतं. तिथे उतरून ती झाडाला धरून थांबायची, अंगात पुन्हा जाणीव येईपर्यंत. मुलांनी बघू नये म्हणून.

तिला दुखण्याची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. लग्नाला आठ-नऊ महिने होत आले होते. शेजारच्या एका बाईने तिला सांगितलं होतं की सायकल चालवणाऱ्या बाईची कूस सुकते. वहिनी शिकलेली होती, हसून सोडून द्यायची. पण शेजारीण ज्या भागाबद्दल बोलली होती तोच रोज बधिर होऊ लागला तेव्हा ते हसणं टिकलं नाही. तिने आपल्या परीने उपाय केले. जुन्या गोधडीचे तुकडे शिवून सीटवर बांधले. त्याने आणखी वाईट झालं. मऊ गादीत ती जास्त रुतायची आणि टोक अधिकच टोचायचं, पण मऊ वस्तूमुळे त्रास वाढतो हे कुणाच्या डोक्यात येणार. मायने ती गादी बघितली आणि तिला कळलं. ती रागावली नाही. चुलीपुढे बसून, कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, "घरमा पाळणा हालाले पाहिजे, अन आठे पायडल हाली ऱ्हायना." भावाने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. बायकोच्या शरीराबद्दल आईसमोर बोलायची रीतच नव्हती.

शेवटी वहिनीने मला गळ घातली. पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वसाहतीबाहेर भिका मिस्तरीचं सायकलीचं दुकान होतं. तिथे जाऊन विचारा, म्हणाली. मी सून, मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू. तुम्ही लहान आहात, मैत्रिणीला त्रास होतो म्हणा. रविवार होता. तिने मला स्वतःची सायकल दिली, डोक्याला रुमाल बांधून दिला, आणि वेशीपर्यंत आली. मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी दोन कोस गेले. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच पपईची बाग, लांब सातपुड्याची निळी रेघ. हायस्कूलसमोर मी थांबले. रविवारी शाळा बंद होती. फाटकाच्या गजांतून मी आत बघत राहिले. वर्गाच्या दारांवर पांढऱ्या रंगाने आठवी अ, आठवी ब असं लिहिलेलं होतं. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, जे घडायचं ते तिथेच घडलं. पुढचं फक्त तोंडाने बोलणं होतं.

भिका मिस्तरी वयस्क माणूस. चाक सरळ करत बसला होता. मी ठरल्याप्रमाणे मैत्रिणीचं सांगितलं, निम्मं गिळून. त्याने एकही वाकडा प्रश्न विचारला नाही. हात पुसून उठला, सीटवरची गोधडी सोडून बाजूला ठेवली, आणि तळहात सीटवर आडवा ठेवून डोळा बारीक करून बघितलं. मग त्याने मला समजावलं, शाळेत गुरुजी गणित सांगतात तसं. माणूस बसतो तो मागच्या दोन हाडांवर. टोक वर असलं की भार हाडांवरून सरकून पुढच्या मऊ जागेवर येतो, तिथल्या शिरा दाबल्या जातात, म्हणून मुंग्या. सीट उंच असली की पाय पुरत नाहीत, कंबर इकडून तिकडे हलते, म्हणून घासतं. टोक सपाट करायचं, सीट चार बोटं खाली घ्यायची, टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ झाला की माप बरोबर. गादी काढून टाकायची. कपड्याची गाठ खाली येऊ द्यायची नाही. आणि खड्डे आले की, किंवा तसंही थोड्या थोड्या वेळाने, पायडलवर उभं राहून अंग मोकळं करायचं, म्हणजे रक्त फिरतं. कुशीबिशीला काही होत नाही, असं तो आपणहून म्हणाला. त्याच्या स्वतःच्या भावजयीला कुणीतरी असंच घाबरवलं होतं.

मग त्याने पाना उचलला. "दोनच नट शेत. आठेच करी देस," तो म्हणाला. दोनच नटांचं काम, तिथल्या तिथे.

"नको," मी म्हणाले. "आते नको."

हे मी ठरवून म्हटलं का? पन्नास वर्षं मी स्वतःला हा प्रश्न विचारत आले आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर दिलं आहे. लहान होते. घाबरले होते. अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं. खरं उत्तर हे, की त्याने पाना उचलला त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं की हे दोन नट फिरले तर सायकल वहिनीचीच राहील. मिस्तरीने पाना खाली ठेवला. नंतर कधीही ये म्हणाला, आणि पुन्हा चाकाकडे वळला. मी ती गोधडीची गादी सीटवर परत बांधली. माझ्या हाताने, घट्ट.

वहिनी वेशीवरच उभी होती. मी सायकल तिच्या हातात दिली. येताना वाटेत मी काहीच ठरवलं नव्हतं, पण वाक्य तयार होतं. "तो म्हने सायकलमा काही दोष नही. काही काही बायास्ले सायकल सोसतच नही." तिने विचारलं, अजून काय म्हणाला. मी म्हणाले, बस्स, एवढंच. तिने मान हलवली. मला वाटलं होतं ती आणखी खोदून विचारेल, आणि मग कदाचित मी सांगूनही टाकेन. पण तिचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तिने विचारलं नाही. घरापर्यंत तिने सायकल हातात धरून आणली. वाटेत मला म्हणाली की तुम्ही दमला असाल, चला, भाकरी खाऊन घ्या.

त्यानंतर तीन-चार आठवडे ती सायकलवरून थोडी जायची, थोडी चालायची. मग नुसतीच चालायची. पहाटे स्वयंपाक उरकून दोन कोस जायचं आणि दिवेलागणीला दोन कोस परत यायचं. उशीर होऊ लागला. तिथे पुन्हा मुक्काम करायचा विषय तिने एकदा काढला, मायने तो पुढे जाऊ दिला नाही. होळीच्या आधी एका दुपारी ती ओसरीवर पाट घेऊन बसली आणि राजीनामा लिहिला. तिचं अक्षर फार सुंदर होतं. तिने दोनदा लिहिला, कारण पहिल्यात एक काना सुटला होता. कारण म्हणून 'प्रकृतीच्या अडचणीमुळे' असं लिहिलं. मला वाचायला दिला, चूक आहे का बघायला. मी वाचला आणि म्हणाले, चूक नाही. भाऊ तो घेऊन गेला. त्या संध्याकाळी होळीसाठी लाकडं गोळा करणारी मुलं आरडाओरडा करत दारावरून गेली, आणि वहिनी चुलीपुढे बसून डाळ घोटत राहिली, डाळ कधीच शिजून गेली होती तरी.

निकाल लागल्यावर आबा म्हणाले की सायकल पडूनच आहे, मंगलाला जाऊ दे. वहिनीने आबांना दुजोरा दिला आणि मायकडेही माझी बाजू मांडली. आठवीचं आबांशी बोलेन म्हणाली होती, ते तिने केलं. तिनेच माझ्या दप्तराची पिशवी शिवली. शाळा उघडण्याआधी मी भिका मिस्तरीकडे गेले. त्याने मला ओळखलं. सीट खाली घेतली, टोक सपाट केलं, मला बसवून टाच पायडलवर टेकते का बघितलं. काम चालू असताना त्याने विचारलं, "तुन्ही मैतरीन कशी शे?" मी म्हटलं, ती आता सायकल चालवत नाही. त्याने शेवटचा नट आवळला. त्या सायकलवर मी मॅट्रिकपर्यंत गेले. पावसाळ्यात हाल व्हायचे, चिखलाने चाक अडायचं, पण सीटचा त्रास मला एक दिवसही झाला नाही. एखाद्या दिवशी तरी व्हावा असं वाटायचं.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. मुलगा झाला. मायने पेढे वाटताना प्रत्येकीला सांगितलं की सायकल सोडली आणि देवाने दिलं. म्हणजे माझ्या खोटेपणाला बारशाच्या दिवशी घरभर पुरावा मिळाला. आता सांगायचं म्हणजे नुसतं आपलं खोटं कबूल करायचं नव्हतं, मायला खोटं पाडायचं होतं, आनंदाच्या घरात विष कालवायचं होतं. असं मी स्वतःला समजावलं. नंतर मी कॉलेज केलं, तळोद्याला कचेरीत कारकून म्हणून लागले, लग्न झालं, मुलं झाली, अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले. दर सणाला माहेरी गेले. वहिनी मांडे करायची, खापरावर, हातावर पसरून, आणि गरम मांडा आधी माझ्या ताटात पडायचा. नातवंडांना माझं उदाहरण द्यायची, आत्याबाई बघा, शिकल्या म्हणून. मी खाली मान घालून खायची. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

आबा गेले, माय गेली, भाऊही गेला. सांगितल्याने ज्यांना दुखलं असतं असं मी म्हणत होते, त्यांतलं कुणी उरलं नाही. तरी मी बोलले नाही. म्हणजे मी त्यांना जपत नव्हते, हेही उघडच झालं.

यंदाच्या उन्हाळ्यानंतर मी माहेरी गेले होते. वहिनीची नात तन्वी आठवीत गेली आहे, त्याच हायस्कुलात. रस्ता आता डांबरी आहे. तिला शाळेमार्फत नवी सायकल मिळाली होती. ती शाळेतून आली, सायकल अंगणात लावली आणि ओसरीवर न बसता खांबाला धरून उभी राहिली. मी कारण विचारलं. आताच्या मुली लाजत नाहीत, ती सरळ म्हणाली की सीटमुळे खाली बधिर होतं, उतरल्यावर पाय आपले वाटत नाहीत. आईला सांगितलं तर आई म्हणते सीटला जेलचं कव्हर घेऊ.

वहिनी पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिने वर बघितलं नाही. "सोडी दे ती सायकल," म्हणाली. "आपला घरन्या बायास्ले सोसत नही. माले बी सोसनी नही. मिस्तरीनी सांगं व्हतं." आणि मग माझ्याकडे वळून, साक्षीदाराकडे वळावं तशी, "तुम्हीच विचारी आणं व्हतं ना, मंगलाताई?"

तन्वी म्हणाली, मग मी शाळेत कशी जाऊ. वहिनी म्हणाली, बघू, नाहीतर वसतिगृहात, नाहीतर काही नाही. ते 'नाहीतर काही नाही' तिने अगदी सहज म्हटलं. लसणाची पाकळी ताटलीत टाकताना म्हणावं तसं.

मी उठले. तन्वीच्या वडिलांच्या मोटारसायकलच्या हत्यारांतून एक पाना शोधला. गुडघे वाकत नाहीत आता, म्हणून अंगणात पिढं टाकून बसले. नव्या सायकलींना सीटखाली वेगळी रचना असते, पण तत्त्व तेच. टोक वर होतंच. दुकानातून जशी आली तशीच होती. मी ते सपाट केलं, सीट खाली घेतली, तन्वीला वर बसवून टाच टेकवून बघितली. वाटेत मधूनमधून उभं राहायचं, कपड्याची शिवण खाली येऊ द्यायची नाही, कव्हर घ्यायचं नाही, असं सगळं सांगितलं. भिका मिस्तरीचा शब्दन् शब्द मला पाठ होता. तन्वी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, मग मुख्य रस्त्यावर गेली.

वहिनीचं लसूण सोलणं थांबलं होतं.

मी ओसरीवर तिच्या समोर बसले आणि सांगितलं. मिस्तरी काय म्हणाला, त्याने पाना उचलला ते, मी नको म्हणाले ते, गादी परत बांधली ते. जूनमध्ये मी स्वतःसाठी ते करून घेतलं ते. आठवीच्या वर्गाचं दार बघितलं होतं तेही सांगितलं, आणि सांगताना जाणवलं की मी अजूनही स्वतःची बाजू मांडते आहे, म्हणून तिथे थांबले. माफी मागितली. तो शब्द इतक्या वर्षांत इतका घोळवला होता की तोंडातून निघाला तेव्हा त्यात काही राहिलंच नव्हतं.

वहिनीने माझ्याकडे सरळ बघितलं. ती अजूनही तशीच बघते. मग तिने विचारलं, "कितला येळ लागना व्हता त्याले?"

"आते माले लागना तितलाच," मी म्हणाले.

तिने अंगणातल्या पिढ्याकडे बघितलं. त्यावर पाना तसाच पडला होता. ती रागावेल, रडेल, उठून आत जाईल, यांपैकी कशालाही मी तयार होते. तिने यांतलं काहीच केलं नाही. हातातली लसणाची टरफलं पदरात गोळा करत ती म्हणाली, "मन्हाकडे तिसरीना वर्ग व्हता." मग अहिराणी सोडून, वर्गात बोलावं तशा स्वच्छ मराठीत, हजेरी घ्यायच्या आवाजात, ती एकेक नाव घेऊ लागली. अशोक. भटू. छाया. देवचंद. नाव घेतलं की जरा थांबायची, समोरून 'हजर' यायला जेवढा वेळ लागतो तेवढी. लीला. मोतीराम. नथ्थू. प्रत्येक नावाला ती माझ्यावरून पलीकडे, अंगणात बघत होती. सात नावं झाली. पुढचं तिला आठवेना. ती डोळे मिटून आठवत बसली, आणि मी तिच्या समोर बसून राहिले.